टोमॅटोची रोपं अजून बाहेर ठेवू नकोस

निफाड,
18 एप्रिल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, जर्मनीत क्लाउस्थालला अठरा अंश झाले, सगळे बाहेर ऊन खात बसलेत आणि तूही टोमॅटोची रोपं खिडकीबाहेर कठड्यावर मांडणार आहेस. तेव्हापासून माझ्या डोक्यात ती रोपंच आहेत. बाळा, ती आत घे.

अठरा अंश दुपारचे. पहाटेचं काय? आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की रात्रभर जमीन आपली ऊब वर सोडत राहते, तिला अडवायला ढग नसतात. त्यात एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे अधूनमधून थेट ध्रुवाकडची हवा उतरते. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून दोन मीटरवर मोजतात. तिथे दोन अंश दाखवत असले तरी रोपाच्या पानाशी शून्याखाली गेलेलं असू शकतं. हे मला पुस्तकाने नाही, आपल्या द्राक्षबागेने शिकवलंय. पारा पाचाच्या खाली गेला त्या रात्री आठवतात ना? तू शाळेत होतीस. मी आणि तुझी आई पहाटे तीनला ठिबकने विहिरीचं कोमट पाणी सोडत होतो, बांधावर शेकोट्या पेटवत होतो, तरी सकाळी मण्यांना तडे गेलेले दिसले. घराच्या ओट्यावरचा आकडा वेगळा असतो आणि बागेतल्या सखल कोपऱ्यातला वेगळा.

आपण वळवाच्या एका सरीवर पेरणी करत नाही, मृगाची वाट बघतो. जर्मन शेतकऱ्यांचाही असाच ठोकताळा आहे. 11 ते 15 मे हे पाच संतांचे दिवस, ‘आइसहायलिगे’, म्हणजे बर्फाचे संत. शेवटचा दिवस ‘थंड सोफी’चा. सोफी गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावायचं नाही. त्यातही एक मेख आहे. हा ठोकताळा जुन्या कॅलेंडरचा. 1582 साली कॅलेंडर सुधारताना दहा दिवस गाळले, पण संतांच्या तारखा होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे खरा धोका आजच्या मोजणीने 20 मेच्या पुढेही असतो. शिवाय तुमचं गाव हार्झ डोंगराच्या पठारावर, साडेपाचशे मीटरच्या आसपास. शंभर मीटर चढलं की हवा साधारण सहा दशांश अंशाने थंड होते. खाली गोस्लारला जे चालतं, ते तुम्हाला आठ-दहा दिवस उशिराच चालेल.

डिसेंबरात तू फोनवर गप्प गप्प असायचीस. मी समजत होतो, थंडी बाधतेय. मग कळलं, चार वाजून गेले की तिथे सूर्य मावळतो, आख्खा दिवस आठ तासांचाही नसतो. 21 डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागला, तरी थंडी जानेवारी-फेब्रुवारीतच जास्त जाणवली ना? जमिनीत जेवढी ऊब येते त्याहून जास्त निघून जात असते, तोवर पारा उतरतच राहतो. उन्हाळ्याचंही तसंच: सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये, पण ऊब जुलैची. आपल्याकडे मात्र एप्रिल-मे तापतात आणि पाऊस येऊन जूनमध्ये सगळं निववतो, म्हणून आपल्याला हे लक्षात येत नाही. तुमच्या जुलैची सरासरी सोळा-सतराच्या आसपास. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पोरीला बाराही महिने स्वेटर." तिने एक विणायला घेतलाय, मोरपंखी.

जॅकेट इतक्यात बॅगेच्या तळाशी टाकू नकोस. आणि एवढं कर, साधं थर्मामीटर घे, खिडकीच्या उत्तरेच्या बाजूला, ऊन लागणार नाही असं टांग. सकाळी कॉलेजला निघताना आकडा वहीत लिही, एक आकडा जमिनीलगतचाही. मी इथे रोज लिहितोच. रविवारी फोनवर दोन्ही वह्या शेजारी शेजारी वाचू. रोपं पहाटेची थंडी सरेपर्यंत घरात, खिडकीच्या काचेआड ठेव. दुपारी तासभर बाहेर, संध्याकाळी आत, म्हणजे त्यांनाही सवय होईल.

द्राक्षं उतरली, बागेला खरड छाटणी झाली. आईने बेदाणे वाळवलेत, येत्या आठवड्यात पाठवतो.

तुझा,
बाबा