वीज आली, तरी नोंदवही बंदच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकनोंदीचा संगणक डेबियन लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो. वीज जाऊन परत आली की यंत्र सुरू होतं, पण नोंदीचा प्रोग्रॅम उठत नाही आणि वाचक खिडकीपाशी ताटकळतात. कारण एवढंच, की बसवून देणाऱ्याने ती सेवा (म्हणजे मागे सतत चालणारा तो प्रोग्रॅम) फक्त ‘स्टार्ट’ केली, ‘एनेबल’ केली नाही. ‘स्टार्ट’ने सेवा त्या वेळेपुरती चालते. ‘एनेबल’ने एका ठरलेल्या फोल्डरात तिचा दुवा तयार होतो आणि यंत्र चालू होताना सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था, तो दुवा पाहून सेवा उठवते.

डेबियनने २०१५ साली, आठव्या आवृत्तीपासून, सिस्टमडी स्वीकारलं. तरीही आमच्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलांना आरसी-लोकल (यंत्र चालू होताना आज्ञा चालवणारी जुनी फाइल) यात ओळ घालणं नाहीतर क्रॉन या ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं ‘ॲट-रीबूट’ (यंत्र चालू होताच चालव), एवढंच ठाऊक असतं. क्रॉन डेटाबेस (नोंदी साठवणारा प्रोग्रॅम) तयार होण्याची वाट पाहत नाही. प्रोग्रॅम आधी उठतो, डेटाबेस सापडत नाही म्हणून बंद पडतो, आणि पुन्हा त्याला कोणी हात देत नाही. सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या युनिट फाइलीत ‘आफ्टर’ लिहिलं तर क्रम पाळला जातो, ‘रीस्टार्ट’ लिहिलं तर कोसळलेला प्रोग्रॅम परत उभा राहतो. संगणकवर्गांनी हे हाताने करून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि संस्थाचालकांनो, काम ताब्यात घेताना संगणक तुमच्यासमोर एकदा बंद करून चालू करायला लावा. प्रोग्रॅम आपोआप उठला, तरच बिल द्या.

– एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा