दहावीनंतरचं प्लॅनिंग नववीतच सुरू करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रिझल्ट लागला की तुमच्या पेपरात पानभर गुणवंतांचे फोटो येतात, ते बघून मलापण आनंद होतो, त्यातली दोन-चार पोरं ओळखीची असतात. पण त्याच आठवड्यात माझ्या दुकानासमोर जी रांग लागते तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षं महा ई-सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर (आरक्षणासाठी उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), डोमिसाइल, अकरावीचे, पॉलिटेक्निकचे, आयटीआयचे फॉर्म, स्कॉलरशिप, सगळं इथूनच भरलं जातं. एवढी वर्षं बघून माझं पक्कं मत झालंय की दहावीनंतर काय करायचं हे रिझल्ट लागल्यावर ठरवायचं नसतंच, ते नववीत सुरू व्हायला हवं आणि शाळेनं पोरांना हाताला धरून करून घ्यायला हवं.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगते. ८६ टक्के, वडील सेंट्रिंगच्या कामावर, हिला सरकारी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर करायचं होतं आणि ते तिचं तिनंच ठरवलेलं, कुणी डोक्यात भरवलेलं नाही. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस राहिलेले. आईनं साडीच्या दुकानातल्या पिशवीत सगळे कागद गुंडाळून आणलेले, रेशनकार्ड, आधार, गुणपत्रक, लाइट बिल, आणि जातीचा दाखलाच नाही. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे घरातल्या कुणाचीतरी जात लिहिलेली शाळेची नोंद वगैरे, एससीला १० ऑगस्ट १९५० चा, भटक्या-विमुक्तांना (व्हीजेएनटी) २१ नोव्हेंबर १९६१ चा. हिचे आजोबा शाळेतच गेले नव्हते, चुलत आजोबा गेले होते पण दुसऱ्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. वडील कामाचा खाडा करून एसटीनं तिथं गेले तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, रजिस्टर कपाटात, कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक त्यांच्या गावी. म्हणजे चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, पण मुदत निघून गेली. फॉर्म ओपनमधून भरला आणि थोडक्यात नंबर हुकला. आता ती इथंच अकरावी सायन्सला आहे, रोज दुकानावरून जाते आणि ताई म्हणून हात करते, मला मात्र प्रत्येक वेळी ते कपाट आठवतं. हेच रजिस्टर ती नववीत असताना दिवाळीनंतर शोधलं असतं तर एका दिवसाचं काम होतं हो.

असल्या गोष्टी मोठ्या करिअर मार्गदर्शन मेळाव्यात कुणी बोलत नाही. तिथं वक्ते येतात, स्वप्नं मोठी बघा सांगतात, पोरं टाळ्या वाजवतात. पण नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते आणि ॲडमिशन असते मे, जून, जुलैला, हे कुणीतरी फळ्यावर लिहून सांगायला नको का? दाखला घरात आहे म्हणून आईवडील निवांत असतात आणि फॉर्म भरताना कळतं की त्याची मुदत कधीच संपलीय.

नावाचं तर विचारूच नका. आधारवर एक, शाळेत एक, आईचं नाव कुठं माहेरचं कुठं सासरचं. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते, त्यात प्रत्येकाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते, आणि पोरं न बघताच सही करतात कारण ते किती महत्त्वाचं आहे हे त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नसतं. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, एकदा दाखला हातात पडला की मग प्रतिज्ञापत्र, गॅझेट, बोर्डाच्या ऑफिसला हेलपाटे. आणि मोबाइल नंबर! फॉर्मला कुणाचातरी नंबर देतात, मामाचा, शेजाऱ्याचा, मग रिचार्ज संपला की नंबर बंद आणि ओटीपी येत नाही. माझी सगळ्या आईवडिलांना कळकळीची विनंती आहे, पोराच्या शिक्षणासाठी एक नंबर ठरवा आणि निदान पाच वर्षं तो बदलू नका. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का तेपण आत्ताच बघून घ्या, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची स्कॉलरशिप त्याशिवाय खात्यावर येत नाही.

आता निवडीचं. २०२५ पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाली, आधी फक्त मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांत होती. आमच्याकडं सगळ्यांनाच नवीन. दहा कॉलेजं पसंतीनं टाकता येतात आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. पोरं काय करतात, मित्रानं जे टाकलं ते पहिलं. मी विचारते, बाळा हे कॉलेज बघितलंयस का, जायला एसटी आहे का, तर नाही. शाखेचंपण तसंच, ऐंशीच्या वर पडले म्हणून सायन्स, साठ पडले म्हणून आर्ट्स. तुला काय आवडतं हा प्रश्न त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या काउंटरवर विचारला जातो, आणि मागं वीस माणसं उभी असताना तो काय उत्तर देणार?

२०१६ पासून काही वर्षं बोर्ड दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायचं, मुलाची आवड कशात आहे ते बघायला. मला ती चांगली वाटायची, पण रिपोर्टचा कागद हातात पडल्यावर तो घेऊन मुलासोबत आणि त्याच्या आईवडिलांसोबत अर्धा तास बसणारं माणूस नव्हतं. ते माणूस पाहिजे. प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमणं अवघड असेल, पण एका शिक्षकाला हेच काम आणि त्यासाठी वेळ देता येईल की नाही? आणि पोरांना नुसतं सांगू नका, दाखवा. सहल काढता ना दरवर्षी, मग एक दिवस तालुक्याच्या आयटीआयला न्या. लेथवर काम करणारं, वायरिंगच्या बोर्डवर जोडणी करणारं आपल्याच वयाचं पोरगं बघितलं की डोक्यात वेगळाच प्रकाश पडतो.

कारण आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं आईवडिलांच्या डोक्यात घट्ट बसलंय. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, घरातला पंखा, शेतातली मोटर स्वतः दुरुस्त करणारा, त्याला इलेक्ट्रिशियनच करायचं होतं. वडील म्हणाले पाहुण्यांत काय सांगू. मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कागदावर काढून दाखवलं की दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे इंजिनियर व्हायचा रस्ता कुठंच बंद होत नाही, आणि मधे कुठं थांबावं लागलंच तरी हाताला काम आहे. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी येऊन फॉर्म भरला. पोरगं आता अप्रेंटिसला आहे.

मुलींच्या बाबतीत तर माहिती नसणं म्हणजे थेट लग्न. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन घेतली तर आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसीच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अजूनही बारावीच्या मुलींचे वडील मला विचारतात, फी किती, आणि मी हे सांगितल्यावर खरं का म्हणून दोनदा विचारतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर मिळत नाही, हेपण तेव्हाच सांगायला लागतं.

आणि जे एक-दोन विषयांत राहतात त्यांना तर कुणीच काही सांगत नाही. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं, पुरवणी परीक्षा लगेच असते, शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. रिझल्टच्या दिवशी ही पोरं घराबाहेर पडत नाहीत, त्या दिवशी शाळेतनं एक फोन गेला पाहिजे.

शिक्षणाधिकारी साहेब आणि मुख्याध्यापक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच मागणं आहे की नववीच्या वर्गांचं दाखल्यांचं शिबिर डिसेंबरच्या आत शाळेतच घ्या, तलाठी भाऊसाहेब आणि तहसीलचं एखादं माणूस बोलवा, आईवडिलांना शक्यतो संध्याकाळची वेळ द्या कारण दिवसा त्यांची मजुरी बुडते. आमच्या गावातल्या दोन शाळांना मी सांगून ठेवलंय, शनिवारी सकाळची शाळा सुटली की लॅपटॉप घेऊन येते, कागद तपासायचे पैसे घेणार नाही. एका शाळेचा होकार आलाय, दुसरीच्या उत्तराची वाट बघतेय.

आपली नम्र,
एक महा ई-सेवा केंद्र चालक, जि. सोलापूर