टांटे, संत्र्याच्या रसाबद्दल आभार

आदरणीय टांटे,

सूरिनामी क्रियोल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, घरांत वयाने मोठ्या बाईला टांटे म्हणतात, जसं आपल्याकडे मावशी. म्हणून पत्र त्याच नावाने. ॲमस्टरडॅमच्या बाइल्मरमध्ये तुम्ही आम्हा मराठी बायकांना पोम शिकवलंत, म्हणजे किसलेल्या कंदाच्या दोन थरांमध्ये कोंबडी घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. हाताच्या अंदाजाने होणारं सगळं आमच्यासाठी मोजून दिलंत आणि प्रत्येक मापामागचं कारणही सांगितलंत. ते आमच्याच वह्यांत पडून राहू नये, म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहोत.

पोम नाही तर वाढदिवस नाही, असं तुमच्यात म्हणतात. १९७५ साली दक्षिण अमेरिकेतला सूरिनाम नेदरलँड्सपासून स्वतंत्र झाला, त्या सुमारास हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली आणि पोमही त्यांच्याबरोबर आलं. त्याचा जीव पोमतायेर या कंदात आहे. तो अळूच्याच कुळातला. इथल्या टोकोत, म्हणजे सूरिनामी-आशियाई किराणा दुकानात, तो सोलून, किसून, गोठवलेला किलोच्या पाकिटात मिळतो. अळवासारखाच तो घशाला खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आपण अळूवडीला चिंच लावतो, त्या जागी तुमच्याकडे संत्रं आणि लिंबू. हे एकदा कळलं की रसाला कुणी हात आखडत नाही. पण नुसत्या आंबटावर भागत नाही, कंद आतपर्यंत शिजलाच पाहिजे, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत.

तुमचं माप असं: एक किलो पोमतायेरला ८०० ग्रॅम कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस, दोन कांदे, तीन टोमॅटो, एक चमचा टोमॅटोची पेस्ट, मूठभर सेलरीचा पाला, अर्धं जायफळ, १०० ग्रॅम लोणी, तीन संत्री आणि एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे पिकालिली (मोहरीतलं पिवळं भाज्यांचं लोणचं) आणि एक मोठा चमचा साखर. तुमच्यात खारवलेलं गोमांसही पडतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी खुशाल वगळावं, फक्त मीठ वाढवावं, ही सूट तुम्ही मोकळ्या मनाने दिलीत. मादाम जानेट मिरची रश्शात अख्खी सोडायची आणि फुटण्याआधी काढायची. वास हवा, जाळ नको.

पाकीट आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये सुटायला ठेवायचं. मधे बर्फाचा गोळा राहिला तर कडा करपतात, पोट कच्चं राहतं आणि तोच घास खाजतो. कोंबडी कांदा-टोमॅटोत परतून ३०० मिलिलिटर पाण्यात शिजवायची. रस, पिकालिली, साखर आणि निम्मा रस्सा किसात कालवायचा. मिश्रण भज्यांच्या पिठाइतकं सैल हवं. घट्ट राहिलं तर पोम कोरडं आणि चिकट होतं. काचेच्या भांड्याला लोणी लावून खाली निम्मा कीस, मधे कोंबडी, वर उरलेला कीस. मग उरलेला रस्सा आणि लोण्याचे तुकडे. ओव्हनमध्ये १८० अंशांवर सव्वा ते दीड तास. वरचा थर लवकर तांबूस झाला की बरेच जण भांडं बाहेर काढतात, आणि बहुतेक चूक तिथेच होते. वर फॉइल टाकून भाजणं चालूच ठेवायचं. मधोमध सुरी घालून पाहायचं: पांढुरकं दिसलं तर कच्चं, सगळीकडे पिवळं दिसलं तर झालं. काचेचं भांडं यासाठीच, तळाचा रंग बाहेरून दिसतो. नंतर अर्धा तास थांबायचं, नाहीतर वडी पडत नाही. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. मऊ पावात थंड पोमची जाड चकती आणि आंबवलेली काकडी: ब्रॉत्ये पोम याहून वेगळं काही नाही.

एक जुलैच्या हेरी-हेरीबद्दलही, म्हणजे उकडलेले कंद, केळं, खारवलेला मासा आणि अंडं यांच्या ताटाबद्दलही, आभार. १८६३ मध्ये त्या दिवशी सूरिनाममधली गुलामी कायद्याने संपली, तरी मळ्यांवरची सक्तीची मजुरी १८७३ पर्यंत चालली. त्याच १८७३ मध्ये 'लाला रूख' जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन सूरिनामच्या राजधानीला, पारामारिबोला, लागलं. हा धागा तुम्ही जोडून दाखवलात, म्हणून ताटातला कसावा आणि रताळं आम्हांला परकं वाटत नाही. कसावा आधी शिजत घालायचा, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो कच्चा खाणं घातक. कच्चं केळं सालासकट उकडायचं. खारवलेला मासा, बाकेल्याउ, रात्रभर भिजवून पाणी दोनदा बदलायचं. अंडं शेवटी.

या एक जुलैला ज्यांच्या घरी हेरी-हेरी होईल, त्यांनी कसाव्याचं पाणी उकळायला ठेवण्याआधी मासा चाखून पाहावा. खारट असेल तर आणखी एकदा उकळून पाणी टाकून द्यावं. ही शेवटची सूचना तुमचीच, टांटे.

ग्रान तांगी, म्हणजे खूप खूप आभार.

तुमच्या,
नेदरलँड्समधल्या मराठी स्वयंपाकघरांतल्या सगळ्याजणी