घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत

महोदय,

घटस्फोटानंतर हुकूमनाम्याची साधी झेरॉक्स जपून ठेवणारे अनेक जण पुनर्विवाहाच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी अडतात, कारण तिथे बहुधा न्यायालयाच्या सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मागितली जाते. निकाल देणाऱ्या न्यायालयातूनच ती मिळते आणि अर्जात प्रकरणाचा क्रमांक, वर्ष व दोन्ही पक्षकारांची नावे अचूक असली, तर शोध सोपा होतो. माझ्या बहिणीला क्रमांक ठाऊक नसल्याने कित्येक हेलपाटे घालावे लागले. प्रत्येक वेळी जुनी जखम उघडी पडली, ती वेगळीच. घटस्फोटाचा अर्ज दाखल होतानाच पक्षकाराच्या हाती प्रकरणाचा क्रमांक आणि पुढे प्रत मिळवण्याची पद्धत सोप्या भाषेत लेखी द्यावी, अशी न्यायालयांना कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक