‘मंकडिंग’ नको, ‘धावबाद’ लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, की आमच्याकडे रिकाम्या वावरात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. यंदा एका सामन्यात पंच म्हणून मी उभा होतो. चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला फलंदाज क्रीज सोडून निघाला, गोलंदाजाने यष्ट्या उडवल्या, मी बोट वर केलं. त्यावर एकच गलका झाला, “सर, हे मंकडिंग हाय, चीटिंग हाय!” सामना संपल्यावर मी पोरांना विचारलं, मंकड कोण होते रे? एकालाही सांगता आलं नाही. ज्यांना नाव माहीत, त्यांना माणूस माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

विनू मंकड जामनगरचे. डावखुरे फिरकी गोलंदाज, उजव्या हाताचे फलंदाज. भारताने पहिला कसोटी विजय फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळवला, त्यात पहिल्या डावात 55 धावांत 8 बळी आणि सामन्यात 12 बळी त्यांचे. त्याच वर्षी उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. इंग्लंडमधल्या हॅसलिंग्डन या क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळण्याचा प्रस्ताव मंकड यांच्याकडे होता. संघात जागा नक्की असेल तर क्लबला नाही म्हणतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भारताच्या क्रिकेट मंडळाने तशी हमी दिली नाही, म्हणून त्यांनी क्लबशी करार केला. आमच्या वऱ्हाडातला कापूस एकेकाळी ज्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा, त्याच लँकेशायरमधलं हे गिरण्यांचं गाव.

मग लीड्सची कसोटी झाली. दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्य आणि बाद चार! तेव्हा मंडळाला मंकड आठवले आणि क्लबकडे त्यांची मागणी गेली. क्लबने त्यांना मोकळं केलं. क्लबचे सामने खेळणारा हा माणूस थेट लॉर्ड्सवर उतरला आणि सलामीला येऊन त्याने 72 धावा केल्या. त्यानंतर 73 षटकं टाकून 196 धावांत 5 बळी घेतले. 73 षटकं! आमची पोरं चार षटकं टाकून खांदा धरतात. एवढं करून पुन्हा सलामीला गेले आणि 184 धावा काढल्या. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात आणखी 24 षटकं टाकली. भारत आठ गड्यांनी हरला, पण ती कसोटी आजही मंकड यांच्याच नावाने ओळखली जाते.

आमच्याकडे दुसऱ्या गावाच्या संघाकडून चार पैसे घेऊन खेळणाऱ्या पोराला लोक नावं ठेवतात. त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

44 कसोटी, 2109 धावा, 162 बळी. 1956 मध्ये मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय यांच्यासोबत 413 धावांची सलामी, जी 52 वर्षं विक्रम म्हणून टिकली. आणि आपण लक्षात काय ठेवलं? डिसेंबर 1947 मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचे फलंदाज बिल ब्राउन यांना असंच धावबाद केलं तो एक क्षण. त्यावरूनच ‘मंकडिंग’ हा शब्द पडला. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात मंकड यांनी ब्राउन यांना ताकीद दिली होती आणि तरीही ते निघाले म्हणून बादही केलं होतं. पुढे खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली.

ऑक्टोबर 2022 पासून नियमांतही हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात घातला आहे. त्याच्या काही दिवस आधीच भारताच्या दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच बाद केलं, तेव्हाही बातम्यांत हाच शब्द गाजला.

आपला पेपर आमच्या गावात पारावर मोठ्याने वाचला जातो. तेव्हा माझी कळकळीची विनंती आहे, यापुढे अशी बातमी आली की तिथे फक्त ‘धावबाद’ छापावं. आणि 12 एप्रिलला, मंकड यांच्या जन्मदिनी, त्यांच्यावर चार ओळी छापल्या, तर तो अंक मी शाळेच्या फळ्याशेजारी लावायला देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ