म्होरकी मजबूत असून भागत नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतल्या घोड्यांवरच्या लेखात ‘दोराची मजबूत म्होरकी घ्यावी’ एवढा एकच सल्ला आहे. म्होरकी म्हणजे जनावराला धरायला त्याच्या नाकावरून आणि कानामागून घातलेली दोराची किंवा चामड्याची बांधणी. सोबतच्या छायाचित्रातल्या घोड्याची म्होरकी मजबूत आहेच, पण ती घसरून पार नाकपुड्यांवर आली आहे. मी दोराच्या म्होरक्या बांधतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी म्होरकी तुटलेली क्वचितच असते. बहुतेकींचं मापच चुकलेलं असतं.

घोड्याच्या नाकावरून अंगठा खाली फिरवा. हाड संपून मऊ भाग कुठे सुरू होतो ते लगेच हाताला लागतं. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, त्यामुळे त्या मऊ भागावर दोर आवळला की त्याचा श्वासच अडतो. नाकावरचा वेढा गालाच्या हाडाच्या कडेखाली साधारण दोन बोटांवर, हाडावरच बसला पाहिजे. नवी म्होरकी मापात वाटते आणि थोड्याच वापरानं ढिली होऊन खाली उतरते, कारण गाठी नीट बसवलेल्या नसतात. प्रत्येक गाठ ताणून घट्ट करावी आणि मगच माप धरावं.

‘घोडा फार ओढतो, नाकावर दोन गाठी जास्त घाला,’ असं सांगत गिऱ्हाईक येतं. मी घालत नाही. दोर जितका बारीक तितका तो रुततो, गाठ तर त्याहून जास्त. घोडा शिकतो तो ढील मिळाल्यावर. तो एक पाऊल आला की हातातला दोर तिथल्या तिथे सैल सोडता येत नसेल, तर गाठी वाढवून काय उपयोग?

डाव्या गालावरची बांधणीही पाहावी. कानामागून आलेलं टोक गालावरच्या फाशात मागून ओवायचं, फाशाच्या मागून वेढा द्यायचा आणि त्याच टोकाखालून काढायचं. वेढा फाशाभोवतीच हवा. तो वर सरकला तर ताणानं निरगाठ बसते आणि घाबरलेल्या जनावराची सुटका करताना बोटं सोलतात. उरलेलं टोक डोळ्याकडे नको, मागे वळवावं; नायलॉनचं जाळून बंद केलेलं टोक चांगलंच टणक असतं.

घोड्याची म्होरकी लहान करून शेळीला चालत नाही. तिचं तोंड आखूड, म्हणून वेढा डोळ्यांच्या बराच जवळ घ्यावा लागतो. गाढवाचे कान लांब. त्यांच्यावरून म्होरकी ओढून चढवू नये, बाजूनं सोडून बांधता येईल अशी करावी. गाईच्या म्होरकीत सरकता भाग नाक-जबड्याकडे हवा, कानामागचा दोर सरकता कामा नये. उलटी घातली की ओढताच कानामागे आवळते आणि गालावरचा दोर डोळ्यात जातो.

वासराची म्होरकी वरचेवर सैल करावी लागते. डोकं वाढतं, दोर वाढत नाही, आणि तो कातडीत रुतल्याचं केसांमुळे लवकर दिसत नाही. चरायला सोडताना तर कोणाच्याच तोंडावर गाठींची म्होरकी ठेवू नये. खूर किंवा फांदी अडकली तर चामड्याची एखादे वेळी तुटून जनावर सुटतं. विणीव दोर तुटत नाही, आणि आपल्या लेखात त्याचं कौतुक झालंय ते नेमकं याच गुणासाठी.

— एक दोरकाम करणारा वाचक