ऐंशी रुपयांचा परतावा

महोदय,

धंद्यात पैसे घालताना ओळखपाळख, भावना बाजूला ठेवून केवळ परतावा पाहावा, असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. शेअर बाजारापुरते ते ठीक. पण कुणाच्या नव्या धंद्याला हात देतानाही हाच नियम लावणे पटत नाही.

मार्च 1959 मध्ये गिरगावातील सात गृहिणींनी समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले आणि ‘लिज्जत’ पापड सुरू झाला. तारण म्हणावे तर पोळपाट-लाटणे आणि शब्द! पहिल्या दिवशी जेमतेम चार पाकिटे झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. केवळ आकडे पाहणाऱ्याने पहिल्याच पावसात पैसे परत मागितले असते.

आज तिथे सुमारे 45 हजार ‘बहिणी’ आहेत (संस्थेत हाच शब्द वापरतात). सकाळी भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे. पण ही मजुरी नव्हे. पापड लाटणारी प्रत्येक जण संस्थेची मालकीण असते आणि नफा-तोटा दोन्हींत वाटेकरी. लेखासोबतच्या परताव्याच्या तक्त्यात हे कोणत्या रकान्यात मांडायचे, तेही लेखकाने सांगायला हवे होते.

– एक वाचक, डोंबिवली